मेथडिस्ट मंडळीचे उन्हाळी मेळे आणि आपला मे महिन्याचा वर्ग

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या पुस्तिकेत देवळाच्या पायाभरणीचा वृत्तांत, जुन्या धर्मगुरूंच्या आठवणी व संघटनांचे अहवाल वाचकांस मिळतीलच. आम्ही मात्र वाचकांस आज जरा दूरच्या वाटेने नेणार आहोत. ही वाट अमेरिकेतील रानांतून व सरोवरांच्या काठांवरून जाते, आणि तीही कॅथलिकांची नव्हे, मेथडिस्टांची. ह्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही येथे मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी दोन आठवड्यांचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू केला. पहिल्याच रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत विधिवस्त्रे उतरवीत होतो, इतक्यात एक वृद्ध पॅरिशकर आत आले. देवळाच्या प्रत्येक कामात पुढे असणारे, आमच्याहून वीस वर्षांनी वडील. ते म्हणाले, "फादर, रागावू नका. पण ही गाणी, टाळ्या, चित्रे, खेळ, हे आपल्यातले नव्हे. हे मेथडिस्टांचे. माझा भाऊ मुंबईत त्यांच्या शेजारी राहत होता, त्याने डोळ्यांनी पाहिले आहे."

आम्ही हसून काहीतरी उत्तर दिले आणि वेळ मारून नेली. खरे पाहता आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास आम्ही शिकलो होतो. परंतु त्यात मेथडिस्टांच्या वाट्यास जेमतेम एक पान आले होते, आणि ते पानही परीक्षेपुरते. पुढे सवड मिळेल तसे ह्या विषयाचे वाचन केले. त्यातून जे हाती आले ते येथे देत आहो.

मेथडिस्ट पंथाचा मूळपुरुष जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या मंडळीचा धर्मगुरू होता व मरेपर्यंत त्याने ती मंडळी सोडली नाही. देवळाबाहेर उपदेश करणे त्यास प्रथम फार अनुचित वाटे. परंतु १७३९ सालच्या एप्रिल महिन्यात, जॉर्ज व्हाइटफील्ड ह्या मित्राच्या आग्रहावरून, तो ब्रिस्टल शहराबाहेर उघड्यावर उभा राहिला आणि ज्यांस देवळाची पायरी ठाऊक नव्हती असे कोळशाच्या खाणीतील मजूर त्याचे ऐकण्यास जमले. उघड्या आकाशाखालील धर्मसभेची ही सवय मेथडिस्टांस तेव्हापासूनची. तथापि उन्हाळी मेळ्याचा जन्म इंग्लंडात झाला नाही, आणि गंमत अशी की तो मेथडिस्टांच्या घरीही झाला नाही.

त्याचे मूळ स्कॉटलंडात आहे. तेथे १५६० साली धर्मक्रांती होऊन जुने सण बंद करण्यात आले. ख्रिस्तशरीराचा सण, संतांचे दिवस, मिरवणुका, सर्व गेले. परंतु लोकांच्या अंगी मुरलेली गोष्ट कायद्याने जात नाही. पुढील शतकात तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीत उन्हाळ्याच्या दिवसांत भोजनसंस्काराचे मोठे मेळावे भरू लागले. १६३० सालच्या जूनमध्ये शॉट्स येथे भरलेला मेळावा त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीचे उपदेश, रविवारी लांब मेजांभोवती बसून भाकर व द्राक्षारस घेणे, सोमवारी उपकारस्तुती. असा क्रम असे. गावोगावचे लोक चालत येत, दिवसचे दिवस राहत. योग्य ठरलेल्यांस शिशाचा लहान बिल्ला देत व तो दाखविल्यावाचून मेजाजवळ प्रवेश नसे. लेह एरिक श्मिट ह्या इतिहासकाराने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या मेळाव्यांचा व अमेरिकेतील धर्मजागृतीचा संबंध उलगडून दाखविला आहे. ज्यांनी आपले सण मोडले त्यांच्याच नातवंडांनी ख्रिस्तशरीराभोवती पुन्हा जत्रा भरविली, हे वाचून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे समाधान वाटले. ते समाधान फारसे ख्रिस्ती नव्हते, हेही कबूल करतो.

स्कॉटलंडचे व उत्तर आयर्लंडचे हे लोक अमेरिकेत गेले तेव्हा ही चाल त्यांच्याबरोबर गेली. केंटकी हा त्या वेळी सरहद्दीचा मुलूख. लाकडाच्या ओंडक्यांची घरे, शेजारी कोसभर दूर, धर्मगुरू वर्षातून दोनदा दिसला तर दिसला. १८०१ सालच्या ऑगस्टमध्ये बोर्बन परगण्यातील केन रिज येथे बार्टन स्टोन ह्या प्रेस्बिटेरियन पाळकाने भोजनसंस्काराचा मेळावा ठरविला. तेथील ओंडक्यांच्या देवळात काही शेच माणसे मावत. परंतु आली किती? अंदाज दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत केले गेले आहेत. त्या प्रांतातील सर्वांत मोठे शहर लेक्सिंग्टन. त्याची लोकसंख्या अठराशेच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गर्दीचा अर्थ समजतो. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट असे नाना पंथांचे उपदेशक कोणी गाडीवर, कोणी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभे राहून एकाच वेळी बोलत होते. माणसे रडत, ओरडत, धाडदिशी जमिनीवर कोसळत. कित्येकांच्या अंगास आचके येत.

प्रेस्बिटेरियन पुढाऱ्यांस हा गोंधळ मानवला नाही व त्यांतील बहुतेकांनी अंग काढून घेतले. मेथडिस्टांनी मात्र ही रीत उचलली. त्यांचे उपदेशक घोड्यावर बसून शेकडो मैलांचा फेरा करणारे. आठवड्यातून एका ठिकाणी एक रात्र. विखुरलेली माणसे एकत्र आणण्यास त्यांस ह्याहून सोयीचे साधन कोणते मिळणार होते? त्यांचा बिशप फ्रान्सिस ॲसबरी ह्याने ह्या मेळ्यांस मनापासून उत्तेजन दिले. १८११ साली वर्षास असे चारशे ते पाचशे मेळे भरत असावेत, असा त्याचा अंदाज होता.

ह्या मेळ्याचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. काळ उन्हाळ्याचा शेवट. पेरणी-खुरपणी झालेली, कापणीस अवकाश. शेतकरी बायकामुले, पीठ, खारवलेले मांस, अंथरूण गाडीत घालून निघत. रानात पाण्याजवळ जागा साफ केलेली असे. मध्ये उपदेशकाचा लाकडी मंच, पुढे चिरलेल्या ओंडक्यांची बाके, मधोमध वाट; एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया. सभोवार तंबूंच्या रांगा. रात्री उंच मचाणांवर माती पसरून तीवर राळेच्या लाकडांचे जाळ करीत. पहाटे शिंग वाजे, मग तंबूतंबूतून घरगुती प्रार्थना, मग उपदेश, पुन्हा दुपारी, पुन्हा दिवेलागणीस. मंचासमोर एक जागा पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी राखलेली असे. आपल्याकडील नोव्हेनाच्या वा बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेच्या दिवसांत ज्यांनी माणसांचा लोट पाहिला आहे त्यांस ह्यातील अर्धे तरी ओळखीचे वाटेल. पापनिवेदनाचा संस्कार टाकून दिलेल्या लोकांस पश्चात्तापासाठी एक बाक मांडावासा वाटला, ह्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे.

त्या मंचाच्या मागील बाजूस आणखी एक जमाव असे. त्याचे वर्णन केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दक्षिणेकडील प्रांतांत गुलाम केलेल्या काळ्या लोकांस मंचाच्या पाठीमागे वेगळी जागा देत. उपदेशक त्यांच्याकडे पाठ करून बोले. गोऱ्यांची सभा संपून दिवे मालवले तरी त्या बाजूचे गाणे रात्रभर चाले, आणि काळ्या ख्रिस्ती लोकांच्या ज्या भक्तिगीतांचा आज जगभर गौरव होतो त्यांची वाढ अशाही जमावांत झाली. एकाच प्रभूच्या नावाने भरलेल्या मेळ्यात ही पाठ फिरविलेली होती. आम्ही हे मेथडिस्टांस बोल लावण्यासाठी लिहीत नाही. आपल्या भारतातील जुन्या देवळांत कोण कोठे बसे, हे आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावे.

हीच रीत इंग्लंडात परत गेली तेव्हा जे घडले ते आम्हांस ह्या सबंध इतिहासातील सर्वांत बोचरे प्रकरण वाटते. लोरेंझो डाऊ ह्या अमेरिकन उपदेशकाकडून मेळ्यांची हकीगत ऐकून ह्यू बोर्न ह्या सुताराने ३१ मे १८०७ रोजी मॉ कॉप नावाच्या टेकडीवर दिवसभराची प्रार्थनासभा भरविली. कुंभारकामाच्या भट्ट्यांतील व खाणींतील गरीब लोक जमले. परंतु वेस्लीला जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. त्याची मंडळी आता प्रतिष्ठित होऊ पाहत होती. त्याच वर्षी मेथडिस्ट परिषदेने ठराव केला की, अमेरिकेत असले मेळे चालत असतील, इंग्लंडात ते अत्यंत अनुचित होत. १८०८ साली बोर्न ह्यास मंडळीतून काढण्यात आले. त्याच्या अनुयायांनी पुढे ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ ह्या नावाचा पंथ काढला आणि ही फूट १९३२ साली भरून निघाली. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आसपास. ज्यांच्या गुरूने खाणकऱ्यांसाठी देऊळ सोडून रान गाठले, त्यांनीच खाणकऱ्यांस रानात जाण्याबद्दल घराबाहेर काढले. कोणत्याही मंडळीने, आपणही, हे प्रकरण हसण्यावारी नेऊ नये.

इकडे अमेरिकेत रान मागे हटत होते. दरसाल त्याच जागी येणाऱ्या कुटुंबांनी तंबूखाली लाकडी फळ्या घातल्या, मग भिंती उभारल्या, मग नक्षीदार सज्जे काढले. मार्थाज व्हिन्यार्ड बेटावर १८३५ साली मेळा सुरू झाला. तेथे आज रंगीबेरंगी चिमुकल्या घरांचे एक गावच आहे. न्यू जर्सी प्रांतातील समुद्रकाठचे ओशन ग्रोव्ह १८६९ साली वसविले गेले; तेथील प्रचंड सभागृह १८९४ चे. रविवारी गावात वाहन हाकू नये असा नियम तेथे शंभराहून अधिक वर्षे चालला. ह्या ठिकाणी समुद्रस्नान होते, मोकळी हवा होती, प्रार्थनाही होती. परंतु ओंडक्यावर बसून रडणारा केंटकीचा शेतकरी तेथे नव्हता. कनाती जाऊन कुंपणे आली. श्रीमंती आली की भक्ती कमी होते असे आम्ही म्हणत नाही, पण तिची जागा बदलते.

आणि मग शटॉक्वा. ह्या नावाशी थोडे थांबले पाहिजे, कारण येथूनच आपला व ह्या इतिहासाचा संबंध जडतो.

न्यू यॉर्क प्रांताच्या पश्चिमेस ह्या नावाचे एक सरोवर आहे व त्याच्या काठी मेथडिस्टांचे मेळ्याचे मैदान होते. १८७४ सालच्या ऑगस्टमध्ये तेथे दोन गृहस्थांनी एक निराळीच सभा भरविली. एक जॉन हाइल व्हिन्सेंट (१८३२–१९२०), मेथडिस्ट पाळक व पुढे बिशप. दुसरा लुईस मिलर, ओहायोतील ॲक्रनचा कारखानदार, कापणीच्या यंत्रांचा संशोधक व पुढे प्रख्यात एडिसन ह्याचा सासरा. व्हिन्सेंट ह्यास जुन्या मेळ्यांतील रडारड व आरडाओरड पसंत नव्हती. चार दिवस मन पेटवून पाचव्या दिवशी माणसास घरी धाडले तर सहाव्या दिवशी त्याने काय करावे, ही त्याची चिंता. म्हणून त्याने उपदेशकांची नव्हे, तर रविवारच्या शाळेतील शिक्षकांची सभा बोलावली. दोन आठवडे त्यांस पवित्र शास्त्र, भूगोल, शिकविण्याची कला ह्यांचे धडे दिले. सरोवराच्या काठी पवित्र भूमीचा एक नकाशाच जमिनीवर उभारला होता: मातीच्या उंचवट्यांचे डोंगर, पाण्याच्या ओहोळाची यार्देन नदी, आणि सरोवर म्हणजे भूमध्य समुद्र. शिक्षक त्या ‘पॅलेस्टाइन’मधून चालत बेथलेहेमहून यरुशलेमेस जात. शिकविण्याची ही रीत आम्ही आमच्या वर्गात वाळू व विटांनी करून पाहिली आहे. मुलांस ती फार आवडते, देवळाच्या आवारास मात्र सोसत नाही.

पुढल्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट शटॉक्वास आले. ते गॅलिना गावी व्हिन्सेंटच्या मंडळीत उपासनेस जात असत. रविवारी फाटक बंद, नावेस धक्क्याला लागण्याची मनाई, असा तेथील कडक शिरस्ता. तरी विषयांची कक्षा वाढत गेली: भाषा, विज्ञान, संगीत. विल्यम रेनी हार्पर हा तरुण विद्वान १८८३ पासून तेथे हिब्रू शिकवू लागला. तोच पुढे शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. परंतु आमच्या मते ह्या सर्वांहून मोठी गोष्ट १८७८ साली झाली. व्हिन्सेंटने घरबसल्या चार वर्षे पुरेल असा वाचनाचा अभ्यासक्रम काढला. दुकानदार, शेतकरी, मुलाबाळांत गुरफटलेल्या गृहिणी, ज्यांस कॉलेजचे दार कधी उघडले नाही, त्यांनी गावोगाव मंडळे करून वाचावे, आणि चौथ्या उन्हाळ्यात सरोवराकाठी येऊन प्रशस्तिपत्र घ्यावे. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक नावे आली. ते वाचनमंडळ आजही चालू आहे. शटॉक्वाचे नाव घेऊन १९०४ पासून गावोगाव फिरणाऱ्या तंबूंतील व्याख्याने-करमणुकी निघाल्या त्या निराळ्या. त्यांत धर्म थोडा व गंमत फार होती, आणि १९३० नंतरच्या मंदीत त्या विरून गेल्या.

आता आपली बाजू. ह्या वाचनमंडळांत पुष्कळ कॅथलिकही सामील होऊ लागले तेव्हा आमच्या धर्मबंधूंस दोन मार्ग मोकळे होते: व्यासपीठावरून बंदी घालणे, किंवा तितकेच चांगले काही स्वतः उभारणे. ओहायोतील यंग्जटाउनचे वॉरन मोशर हे प्रापंचिक गृहस्थ दुसऱ्या मार्गाने गेले. त्यांनी कॅथलिक वाचनमंडळांस एकत्र जोडले, आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८९२ सालच्या उन्हाळ्यात कनेटिकटमधील न्यू लंडन येथे अमेरिकेची कॅथलिक उन्हाळी शाळा भरली. पुढील वर्षी ती शँप्लेन सरोवराकाठी प्लॅट्सबर्ग येथे गेली व मग तेथूनच जवळ क्लिफ हेवन येथे स्थिर झाली. वेगवेगळ्या धर्मप्रांतांतील लोकांनी तेथे आपापली निवासस्थाने बांधली. सकाळी मिस्सा, मग तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य ह्यांवर व्याख्याने, दुपारी नौकाविहार. फादर थॉमस कोनाटी हे तिचे एक अध्यक्ष पुढे वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाचे रेक्टर व नंतर बिशप झाले. १८९५ साली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे पश्चिमेकडील लोकांसाठी दुसरी शाळा निघाली. लोक ह्या शाळेस उघडपणे ‘कॅथलिक शटॉक्वा’ म्हणत आणि त्यात कोणास लाज वाटली असे दिसत नाही.

मुलांच्या वर्गाची वंशावळ जवळपास अशीच आहे. १८९४ साली इलिनॉय प्रांतातील होपडेल गावी मेथडिस्ट पाळकाची पत्नी श्रीमती माइल्स ह्यांनी, रविवारचा एक तास अपुरा पडतो म्हणून, उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज भरणारी बायबलशाळा काढली. सदतीस मुले, चार आठवडे. वर्ग शाळेच्या इमारतीत, खेळ शेजारच्या बागेत. न्यू यॉर्कमध्ये बॅप्टिस्टांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी असेच काही केले. कॅथलिकांत ह्या कामाचे मोठे श्रेय एडविन ओ'हारा ह्यांस जाते. ऑरेगॉनमधील शेतकरी वस्तीत धर्मगुरू असताना त्यांनी १९२१ साली दूरदूरच्या शेतांवरील मुलांसाठी सुट्टीतील धर्मशाळा चालविली. सिस्टर शिकविण्यास येत. पुढे ते बिशप झाले व ही चाल देशभर पसरली. ओ'हारा मिनेसोटात वाढले होते, आणि लहानपणी त्यांनी शेजारच्या नॉर्वेजियन लूथरपंथीयांची मुले उन्हाळ्यात धर्मशिक्षणास जाताना पाहिली होती. आमच्या वृद्ध मित्राच्या भावाप्रमाणे त्यांनीही शेजाऱ्यांकडे डोळ्यांनी पाहिले. फरक इतकाच की ते पाहून त्यांनी हात चालविले.

मेथडिस्ट आपल्या मुंबईत आले ते १८७१ साली. विल्यम टेलर हा कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर उपदेश करून कसलेला मनुष्य घरोघरी सभा घेऊ लागला, आणि जॉर्ज बोएन ह्या मुंबईतच फकिरी वृत्तीने राहिलेल्या मिशनरीने त्यास साथ दिली. परंतु उन्हाळी मेळ्यास खरे हिंदी रूप दिले ते ई. स्टॅन्ली जोन्स ह्यांनी. १९०७ साली हिंदुस्थानात आलेल्या ह्या मेथडिस्ट मिशनऱ्याने गांधीजींचा साबरमती आश्रम व रवींद्रनाथांचे शांतिनिकेतन पाहिले होते. १९३० साली त्यांनी नैनितालजवळ सातताल येथे उन्हाळी आश्रम काढला. तेथे पदव्या नाहीत. बिशप असो की विद्यार्थी, ‘भाई’ किंवा ‘बहीण’. आश्रमाच्या भंग्यास आठवड्यातून एक दिवस सुट्टी देऊन त्याचे काम आश्रमवासी स्वतः करीत. केंटकीच्या मंचामागील त्या जमावाची आठवण आम्हांस येथे झाली. जोन्स १९७३ साली बरेली येथे वारले; आश्रम अद्याप आहे.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढून दुरावलेल्या बंधूंमधील चांगले ते ओळखण्यास आपणांस सांगितले. २००६ साली सेऊल येथे जागतिक मेथडिस्ट परिषदेने, नीतिमान ठरविले जाण्याविषयी कॅथलिकांनी व लूथरपंथीयांनी मिळून केलेल्या घोषणेस आपली संमती जोडली. शटॉक्वाच्या कुंपणाआत आज एक कॅथलिक निवासगृह आहे व उन्हाळ्यात तेथे मिस्सा होते.

हे सर्व आम्ही गेल्या फेब्रुवारीत आमच्या वृद्ध मित्राच्या ओटीवर बसून त्यांस सांगितले. चहा थंड होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतले. स्कॉटलंडचे सण मोडले तो भाग त्यांनी दोनदा सांगावयास लावला. शेवटी म्हणाले, "असेल, फादर. पण टाळ्या मला अजून आवडत नाहीत." मग काही वेळाने विचारले की हॉलचे पत्रे मे महिन्यात तापतात, त्याचे काय करणार. आम्ही म्हणालो, काही सुचत नाही. तेव्हा त्यांनी आपल्या वाडीतील मोठ्या आंब्याखालची जागा देऊ केली.

ह्या वर्षीचा वर्ग तेथेच भरेल. सकाळची मिस्सा संपताच मुलांनी बसायला एकेक गोणपाट घेऊन यावे. सातवीच्या मुलांस शिकविण्यास अद्याप दोन शिक्षक कमी आहेत. ज्यांस सवड असेल त्यांनी आम्हांस भेटावे.